सोयरिकीचा रकाना

समाजाची वेबसाइट काढायची, हा ठराव २१ जून २००९ रोजी, रविवारी, मंडळाच्या कार्यकारिणीत नऊ विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. विरोध करणाऱ्या दोघांना वेबसाइट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मंजुरी देणाऱ्या नऊ जणांनाही नव्हतं. पण शेजारच्या जिल्ह्यात दुसऱ्या एका समाजाने ती काढली आहे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काम कोणी करायचं याची चर्चा झालीच नाही. अध्यक्ष बाबाराव यांनी मान वळवून सचिव बंडूजी तिजारे यांच्याकडे पाहिलं.

"बंडूजी, तुमचा धीरज घरीच हाय ना?"

"सुटीवर हाय," बंडूजी म्हणाले.

धीरज सुटीवर होता, हे खरं. ही सुटी पुण्याच्या कंपनीने त्याला जानेवारीत एका मंगळवारी सकाळी साडेदहाला, आणखी एकशे बारा जणांसोबत दिली होती आणि ती कधी संपणार ते कळवलं नव्हतं. पिपरी मेघेतल्या त्यांच्या गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कोणी बोलत नव्हतं. अपवाद शेजारच्या नत्थूजींचा. ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. माणूस कुठे चढला आणि कुठे उतरणार हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"धीरजभाऊ, तुमच्या कंपनीत आमच्या पोराले लावून देजो ना," ते कुंपणावरून म्हणत. "सहा सहा महिने सुटी देते म्हंजे लय चांगली कंपनी दिसून राह्यली."

त्यामुळे बंडूजींनी घरी येऊन ठराव ऐकवला तेव्हा धीरजला बरं वाटलं. सत्तावीस वर्षांच्या, पाच वर्षं जावा या संगणकाच्या भाषेत काढलेल्या माणसाला दुपारी तीन वाजता कॉम्प्युटरपुढे बसायला काहीतरी कारण लागतं. मानधन नव्हतं, पण ठरावात 'श्री. धीरज बंडूजी तिजारे, संगणक तज्ज्ञ' असं लिहिलं होतं. तो कागद त्याने दोनदा वाचला.

मुदत पंधरा नोव्हेंबरची. तुळशीची लग्नं आटोपली की समाजाचा परिचय मेळावा केळझरला भरत असे. त्या दिवशी वेबसाइटचं उद्घाटन होणार होतं. आणि त्याच दिवशी, हे मात्र कार्यवृत्तात नव्हतं, हिंगणघाटची मंडळी धीरजच्या थोरल्या बहिणीबद्दल होकार कळवणार होती.

रक्षा एकोणतीस वर्षांची होती. एका खाजगी शाळेत गणित शिकवत होती. साडेचार वर्षांपूर्वी तिचं लग्न रोहण्याच्या दिवाकर भडके याच्याशी ठरलं होतं. साखरपुडा झाला, पत्रिका छापून आल्या. लग्नाला अकरा दिवस उरले असताना आर्वीच्या रस्त्यावर त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं. पत्रिकांचा गठ्ठा शोभाबाईंनी, म्हणजे धीरजच्या आईने, आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातला. रक्षाने किती दिवस रडायचं, याला काही रीत नव्हती. बायको असती तर तेरा दिवस तरी मिळाले असते. साखरपुड्याला सुतक नसतं. चौथ्या दिवशी ती शाळेत गेली आणि वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला बसली. त्यानंतर घरात त्याचं नाव कोणी घेतलं नाही.

मुलीच्या पायगुणाबद्दल लोक काय बोलतात ते ठाऊक असल्यामुळे नव्या पाहुण्यांना हे सांगायचं नाही, असं बंडूजींनी ठरवून टाकलं होतं. हिंगणघाटच्या कुसुमबाई दोनदा घरी येऊन गेल्या. त्यांचा पीयूष जिनिंगमध्ये सुपरवायझर होता, शांत होता, आणि दुसऱ्या भेटीत त्याने रक्षाला अपूर्णांक मुलांना कसे शिकवता हे विचारलं होतं. आतापर्यंत आलेल्या अकरा पाहुण्यांपैकी एकानेही तिला तिच्या कामाबद्दल काही विचारलं नव्हतं. त्या रात्री ती जेवताना दोनदा हसली, हे शोभाबाईंनी मोजलं.

दोन्ही वेळा निघताना कुसुमबाई दारात चपला घालता घालता म्हणाल्या होत्या, "आणखी काई सांगाचं तं नाई ना, शोभाबाई?"

"नाई वो बाई," शोभाबाई म्हणाल्या होत्या. "आमचं सगळं उघडंच हाय."

कामाला सुरुवात झाली ती किल्लीपासून. समाजाच्या कुटुंबांची रजिस्टरं मंडळाच्या लोखंडी कपाटात होती, कपाटाची किल्ली उपाध्यक्षांकडे होती आणि उपाध्यक्ष मुलाकडे अमरावतीला गेले होते. त्यांना फोन केला तर ते म्हणाले, किल्ली घरीच आहे, पण घराची किल्ली माझ्याकडे आहे. हे सगळं सुटायला सतरा दिवस लागले. मग उपसमितीने रंगाचा प्रश्न काढला. वेबसाइट पिवळी असावी की केशरी, हे ठरवायला तिघे जण रंगाच्या दुकानात जाऊन शेडकार्ड घेऊन आले आणि धीरजपुढे धरून म्हणाले, "हा, एकशे सात नंबर." नंतर अध्यक्षांच्या लक्षात आलं की अकारविल्हे यादीत त्यांचं नाव 'ब'मध्ये येतं. त्यावर विशेष सभा झाली. अध्यक्षांपुरती वर्णमाला शिथिल करण्यात यावी, असा ठराव एकमताने मंजूर झाला.

रजिस्टरांत दर माणसामागे ठरावीक रकाने होते: नाव, गाव, जन्म, मृत्यू, शिक्षण, वडील, आई, मामकूळ, आणि शेवटी सोयरीक. सोयरिकीच्या रकान्यात तीनच शब्द चालायचे: ठरली, झाली, मोडली; पुढे जोडीदार आणि तारखा. धीरज म्हणाला, हा रकाना सोडून देऊ, उगाच भानगड कशाला. बंडूजींनी भूमी अभिलेख खात्यात अडतीस वर्षं कारकुनी केली होती.

"रकाना म्हंजे रकाना," ते म्हणाले. "भरा का नका भरू, पण खोडाचा नाई."

मजकूर भरायचं काम रक्षाने घेतलं. ती टायपिंगच्या परीक्षा पास होती. सकाळी दहा ते तीन लोडशेडिंग. म्हणून शाळेतून आली की चार ते सहा ती बसे. जुलै ते सप्टेंबर अकराशे चाळीस माणसं तिने एकटीने भरली. मेलेलीही भरली, कारण रजिस्टरात ती होती.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगणं भाग आहे. डेटाबेसातून एखादा माणूस मागवला, तर तो सगळ्या गोतावळ्यासकट येत नाही. त्याचं नाव, गाव, जन्मतारीख तेवढी हातावर ठेवली जाते. वडील कोण, सोयरे कोण, हे 'विचाराल तेव्हा आणून देऊ' म्हणून मागे राहतं. या पद्धतीला त्या धंद्यात आळशी पद्धत म्हणतात आणि ती चांगली समजली जाते, कारण उगाच ओझं वाहावं लागत नाही. मात्र तो माणूस लोकांना पडद्यावर दाखवायचा, तर त्याला जेसन नावाच्या साध्या मजकुरात उतरवून पाठवावं लागतं. हे उतरवण्याचं काम करणारा जो प्रोग्राम असतो तो अत्यंत प्रामाणिक कारकून असतो. तो प्रत्येक रकान्यापाशी थांबतो आणि विचारतो. काय विचारू नये, हे त्याला कळत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात धीरजने घरच्यांना पहिला प्रयोग दाखवला. नत्थूजी कुंपणावरूनच येऊन बसले होते. पहिलं नाव त्यांचंच काढलं. पडद्यावर 'नत्थूजी' आलं, 'पिपरी मेघे' आलं, आणि त्याखाली इंग्रजीत चाळीस ओळी आल्या.

"हे काय लिहून राह्यलं माह्याबद्दल?" नत्थूजींनी विचारलं.

"तुमच्याबद्दल नाही काका. तुमच्या वडिलांचं नाव विचारायला गेलं, तोवर डेटाबेसचं दार बंद झालं होतं. बंद दारातून काही मिळत नाही, असं म्हणतंय ते."

"म्हंजे मी हाव, पण मले बाप नाई."

"तसं नाही काका..."

"काऊन नाई? चारचौघांत बसवून दाखवून राह्यला ना तू," असं म्हणून नत्थूजी चहा न घेता गेले. त्यांची समजूत घालायला शोभाबाईंना वाटीभर रव्याचे लाडू पाठवावे लागले.

पुण्यातला जुना सहकारी अंकित फोनवर म्हणाला, सोपं आहे, मजकूर उतरून होईपर्यंत दार उघडं ठेव. धीरजने ठेवलं. दुसऱ्या प्रयोगात त्याने वडिलांचं नाव काढलं. कारकुनाने बंडूजींना विचारलं, मुलगा कोण? धीरज. धीरजला विचारलं, वडील कोण? बंडूजी. बंडूजींना विचारलं, मुलगा कोण? धीरज. अकरा मिनिटं हे चाललं आणि मग कॉम्प्युटर गरम होऊन बंद पडला.

बंडूजी मात्र खूश होते. "बरोबर तं सांगून राह्यलं. चूक कोठी हाय त्याच्यात?"

मग धीरजने तंबी दिली की एकदा सांगितलेला माणूस पुन्हा सांगायचा नाही. गिरक्या थांबल्या. तिसऱ्या वेळी त्याने पुन्हा बंडूजींचं नाव काढलं, तर त्यांच्या मागून धीरज आणि रक्षा आले, शोभाबाई आल्या, शोभाबाईंचे भाऊ आले, भावांच्या बायका, त्यांची माहेरं, माहेरच्या मावश्या. समाजात सोयरिकी आपसांतच होत असल्यामुळे कारकुनाला कुठे थांबायला जागाच सापडली नाही. चार मिनिटांनी अकराशे चाळीसच्या अकराशे चाळीस माणसं बंडूजींच्या मागे उभी होती.

"हे पाहा," बंडूजी शोभाबाईंना म्हणाले, "एका मानसामागं एवढे लोक असते."

धीरज त्या मजकुरात चुका तपासत खाली खाली जात होता. रक्षाच्या नावापाशी तो थांबला. आपल्या बहिणीचा सोयरिकीचा रकाना कोरा असेल, असं तो धरून चालला होता. तो भरलेला होता.

सोयरीक: ठरली. वर: दिवाकर मारोतराव भडके, राहणार रोहणा. साखरपुडा १३ फेब्रुवारी २००५. लग्न २ मे २००५.

आणि दिवाकरच्या नावापुढे त्याची जन्मतारीख, त्याचं मामकूळ, त्याचा मृत्यू. सगळे रकाने भरलेले. अकराशे चाळीसमध्ये एवढी पूर्ण नोंद दुसऱ्या कोणाची नव्हती.

रकान्यात तीन पर्याय होते आणि तिने 'मोडली' निवडलं नव्हतं. ते खोटं झालं असतं. 'झाली' तर नव्हतीच. गणिताच्या बाईंनी उरलेलं एकच बरोबर उत्तर लिहिलं होतं.

बंडूजी आणि शोभाबाई मागेच उभे होते. धीरजने पान बंद केलं. ही नोंद त्याला त्याच दिवशी काढता आली असती. पण काढायची तर रक्षाला विचारायला हवं होतं, आणि विचारायचं तर ते नाव तोंडाने घ्यायला हवं होतं. साडेचार वर्षांत ते कसं घ्यायचं हे घरातलं कोणी शिकलं नव्हतं. शिवाय विचारल्याशिवाय ते बाहेर येत नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. त्याने कारकुनाला हद्द घालून दिली: कोणत्याही माणसापासून दोन पायऱ्यांपलीकडे जायचं नाही. आणि पडद्यावर फक्त आईवडील आणि भावंडं दाखवायची. सोयरीक मागे येत होती, दिसत नव्हती. रक्षाचं पान त्याने स्वतः सहा वेळा उघडून पाहिलं. स्वच्छ होतं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी बाबाराव घरी आले.

"धीरज, ह्याच्यात छापाचं बटन कोठी हाय?"

"काका, ते ठरलं नव्हतं."

"अरे, म्हातारे लोकं पडद्यावर काय पाहतीन? हातात कागद पाह्यजे. आन अर्धामुर्धा नको. जेवढं आलं असन तेवढं सगळं छापाचं. मंडयाची माहिती हाय, लपवाचं काय त्याच्यात?"

तासाभरात दहाच्या लोडशेडिंगला वीज जाणार होती. धीरजने घाईघाईने बटण केलं. एकेक रकाना निवडून मांडायला वेळ नव्हता. जे आलं आहे ते सरळ छापावं, एवढंच लिहिलं. बाबारावांच्याच नावावर करून पाहिलं. दीड पान निघालं. बाबाराव ते घडी घालून खिशात ठेवून गेले. दहाला वीज गेली आणि धीरज मंडपाला लागणाऱ्या वायरी बांधायला लागला. छापलं जातं ते आणि दिसतं ते एक नाही, हे पाच वर्षं या कामाचा पगार घेतलेल्या माणसाच्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं.

मेळाव्याला सहाशे लोक होते. मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात वांग्याची भाजी रटरटत होती आणि बुंदी पडत होती. मंचावर पडदा, टेबलावर कॉम्प्युटर, बाजूला उसना आणलेला प्रिंटर, आणि बाबारावांच्या हातात माइक. पहिल्या रांगेत कुसुमबाई, पीयूष आणि कुसुमबाईंच्या सासरची माणसं. रक्षा आईजवळ बसली होती, मोरपंखी साडी नेसून. बंडूजींनी सचिव म्हणून प्रास्ताविक केलं आणि त्यात 'सुपुत्र' हा शब्द तीनदा आला.

नारळ फुटला. पडद्यावर एकशे सात नंबरचा रंग झळकला. टाळ्या झाल्या. बाबारावांना स्फुरण चढलं.

"आता छापून दाखवतो!" ते माइकवर म्हणाले. "पहिला कागद कोनाचा? हिंगणघाटचे पाहुणे आले हायेत. आपल्या सचिवायच्या मुलीचा कागद काढू आन पाहुण्यायच्या हाती देऊ. चांगल्या कामाले उशीर कायले?"

धीरज काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच बटण दाबलं. बटण कुठे आहे हे त्यांना आदल्या दिवशी त्यानेच शिकवलं होतं.

प्रिंटर जुना होता. तो एक ओळ छापे, थांबे, खरखर करी आणि पुढची ओळ छापे. नाव आलं. गाव आलं. शिक्षण आलं. आई, वडील, भाऊ आले. मग 'सोयरीक' हा शब्द अर्धा बाहेर आला आणि आपण काय छापायला सांगितलं ते धीरजच्या लक्षात आलं. त्याने कागद ओढला.

"अरे वढू नको, फाटन!" बाबारावांनी त्याचा हात धरला.

धीरजने टेबलाखाली हात घालून पहिली लागली ती पिन उपसली. पडद्यावरचं चित्र गेलं. दुसरी उपसली. स्वयंपाकाच्या मांडवातले दिवे गेले आणि मागून आचाऱ्याची शिवी ऐकू आली. प्रिंटर चालूच होता. कागद पूर्ण बाहेर आला तेव्हा तो टेबलाखाली गुडघ्यांवर होता.

बाबाराव आयुष्यभर हातात आलेला कागद माइकवर वाचत आले होते. हाही त्यांनी वाचला.

"रक्षा बंडूजी तिजारे. जन्म एकोणीसशे ऐंशी. शिक्षण बी.एस्सी., बी.एड. सोयरीक, ठरली..."

मागून कोणीतरी ओरडलं, "ठरली का पोरीची? मंग पेढे कोठी हायेत, बंडूजी?" हशा झाला, टाळ्या झाल्या. बाबारावही हसले आणि त्याच सुरात पुढे वाचत गेले. "वर, दिवाकर मारोतराव भडके, राहणार रोहणा. साखरपुडा तेरा फेब्रुवारी दोन हजार पाच. लग्न दोन मे दोन हजार पाच. मृत्यू एकवीस एप्रिल..."

तिथे ते थांबले. माइक चालू होता, त्यामुळे त्यांचा श्वास सहाशे लोकांना ऐकू आला.

धीरज टेबलाखालून उठला तेव्हा त्याने पहिल्यांदा रक्षाकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली असेल असं त्याला वाटलं होतं. ती सरळ बसली होती. साडेचार वर्षांत ते नाव मोठ्याने उच्चारलेलं ती पहिल्यांदा ऐकत होती, आणि शेवटपर्यंत ऐकावं तशी ऐकत होती.

जेवणं झाली, कारण स्वयंपाक झाला होता. लोक बुंदी वाढून घेत होते आणि तिजाऱ्यांच्या बाजूने जाताना आवाज खाली आणत होते. नत्थूजी धीरजला कोपऱ्यात गाठून म्हणाले, "तुले सांगतो धीरजभाऊ, माह्या बापाचं नाव नाई आलं तवाच मले वाटलं होतं, हे यंत्र बराबर नाई." मग त्यांनी त्याच्या ताटात स्वतःच्या ताटातली बुंदी घातली. सांत्वनाचा त्यांना दुसरा प्रकार येत नव्हता.

कुसुमबाई हात धुऊन शोभाबाईंजवळ आल्या. त्या रागात नव्हत्या. राग असता तर बरं झालं असतं, असं धीरजला नंतर वाटत राहिलं.

"शोभाबाई, आमाले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "माही नणंद आर्वीलेच देली हाय. पहिल्या दिवशीच माहीत होतं."

शोभाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"पोरीचा काय गुन्हा हाय त्याच्यात? पीयूषलेबी सांगतलं मी. तो म्हने, असू दे. म्या दोनदा इचारलं तुमाले, दारात. तुमी सांगान म्हून वाट पाहत होती. सांगतलं असतं तं मी म्हनलं असतं, झालं गेलं, सोडा."

"मंग आता म्हना ना वो," शोभाबाई म्हणाल्या.

कुसुमबाईंनी मांडवाकडे पाहिलं. "माह्या सासऱ्यायनं आयकलं, भासऱ्यायनं आयकलं. आमच्या घरात माहीत असनं येगळं, आन माइकवर येनं येगळं. आता मी हो म्हनलं तं रोज एक जन मले समजवाले येईन. मी पुरी नाई पडत बाई." त्यांनी रक्षाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या गेल्या. पीयूष मोटारीजवळ उभा होता. तो एकदा या बाजूला यायला निघाला. आईने हाक मारल्यावर थांबला आणि गाडीत बसला.

सोमवारी दुपारी वीज आली तेव्हा चौघे कॉम्प्युटरपुढे होते. रक्षाने रजा घेतली होती. सकाळपासून बंडूजी एकच वाक्य बोलत होते.

"काढून टाक ते नाव. आत्ताच्या आत्ता."

धीरजने माउसला हात लावला.

"थांब," रक्षा म्हणाली. "म्या टाकलं, मीच काढतो."

"काऊन टाकलं होतं माय तू?" शोभाबाईंनी विचारलं. दोन दिवसांत हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

"रकाना होता," रक्षा म्हणाली. "दुसरीकडे कोठी लिहू, आई?"

तिने दिवाकरची नोंद उघडली, काढायचं बटण दाबलं, 'नक्की का?' या प्रश्नाला होकार दिला. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. तिने पुन्हा दाबलं. त्याच दोन ओळी.

"काय म्हनते ते?" बंडूजींनी विचारलं.

धीरजने ओळी वाचून सांगितल्या. "ही नोंद काढता येत नाही म्हणते. दुसरी एक नोंद हिच्यावर अवलंबून आहे."

"कोनती?"

बंडूजींना ते हळूहळू उमगलं.

"आधी दोघांमधला धागा तोडावा लागतो," धीरज खालच्या आवाजात म्हणाला. "ताईच्या रकान्यातून. मग निघते. तोडू का?"

रक्षाने माउसवरचा हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. शोभाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. बंडूजींनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, लावला आणि खुर्ची पुढे ओढून पडद्याशी वाकले. दिवाकरची नोंद ते वरून खाली वाचत गेले. कचेरीत उतारा वाचायचे तशी, ओळीखाली बोट धरून.

"जन्मतारीख कोठून घेतली?" त्यांनी विचारलं.

रक्षाला वाटलं ते रागावले आहेत. "त्यायनं सांगतलं होतं एकदा. बैलायच्या पोयाच्या दिवशीचा जनम हाय म्हून. म्या जुनं पंचांग पाहून टाकली. पंचवीस ऑगस्ट शहात्तर."

"पोयाचा नाई," बंडूजी म्हणाले. "तान्ह्या पोयाचा. दुसऱ्या दिवशीचा. म्या पत्रिका पाह्यली होती ना दिवाकरची. सव्वीस पाह्यजे."

घरात ते नाव बंडूजींच्या तोंडून आलं होतं. शोभाबाईंनी तोंडावरचा पदर काढला.

"सव्वीस कर," बंडूजी पुन्हा म्हणाले. "चुकीचं नाई ठेवाचं."

रक्षाने पाच खोडून सहा केला. या वेळी कॉम्प्युटरने काही विचारलं नाही.